शीव, सरहद्द आणि दस्तक : काशीदच्या किनाऱ्यावरून राष्ट्रकल्पनेचा विचार

बेनेडिक्ट अँडरसन यांचा 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' हा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील दशकात 'राष्ट्र ही एक कल्पना आहे' हे विधान मराठी समीक्षेतही रूढ झाले. रूढ होताना त्याच्या अर्थाची घसरण झाली. 'काल्पनिक' हा शब्द मराठीत खोटेपणाची छटा घेऊनच येतो. काल्पनिक म्हणजे प्रत्यक्षात नसलेले, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. अँडरसन यांचा अर्नेस्ट गेल्नर यांच्याशी असलेला मतभेद नेमका याच जागी आहे. राष्ट्राची निर्मिती म्हणजे बनाव, असे गेल्नर यांच्या मांडणीतून सूचित होते, आणि त्यामुळे कोठेतरी 'खरे' समाज शिल्लक असल्याचा भास होतो, अशी अँडरसन यांची तक्रार होती. 'कल्पित' हा शब्द त्या मानाने बरा. कादंबरीतील नगर कल्पित असते. परंतु त्या नगरात पात्रे राहतात, भाडे भरतात, मरतात. कल्पिताला नियम असतात, आणि ते मोडले तर वाचक तक्रार करतो. राष्ट्र हे या अर्थाने कल्पित आहे असे मानले, तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: या कल्पिताची हद्द कोठे संपते, तेथे पहारा कोणाचा असतो, आणि ती हद्द ओलांडणाऱ्याच्या हाती काय द्यावे लागते?

या प्रश्नाकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. तिने उचलले ते 'सीमोल्लंघना'चे रूपक. होमी भाभा यांनी संपादिलेला 'नेशन अँड नॅरेशन' (१९९०) आणि त्यांचा 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) या ग्रंथांच्या प्रभावाखाली सीमा ही संकराची, नव्या अर्थाच्या जन्माची जागा ठरली; सीमेवर उभा असलेला माणूस हा दोन्ही बाजूंचे पाहू शकणारा, म्हणून ज्ञानदृष्ट्या भाग्यवान ठरला. परभाषेतून आलेला प्रत्येक वाङ्मयप्रकार, प्रत्येक अनुवाद, प्रत्येक स्थलांतर यांस 'सीमा ओलांडणे' म्हणण्याची सोय झाली. रूपक इतके सैल झाले की त्यातून नाकेदार अदृश्य झाला. तो पुन्हा दिसावा यासाठी एखाद्या प्रत्यक्ष किनाऱ्यावरून विचार करणे उपयोगी पडेल. आणि त्यासाठी रायगड जिल्ह्यातील काशीदइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल.

काशीदला किल्ला नाही. आज ते ओळखले जाते ते लांबलचक पांढऱ्या वाळूसाठी आणि मागच्या डोंगरातील फणसाड अभयारण्यासाठी. हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले, त्यापूर्वी ते जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते. रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावमार्गे मुरुडकडे जाणारा रस्ता कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव अशी गावे घेत जातो. ही खाडी म्हणजे कुंडलिकेचे मुख. १९४८ साली जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत कुंडलिका ही त्या संस्थानाची उत्तर सीमा होती, दक्षिण सीमा बाणकोटची खाडी, आणि मध्ये राजपुरीच्या खाडीने संस्थानाचे दोन तुकडे पडलेले. कुंडलिकेच्या उत्तर तीरावर रेवदंडा येथे पोर्तुगीज १७४० पर्यंत होते, आणि दक्षिण तीरावरची कोर्लईची टेकडीही त्यांच्याच तोफांखाली होती. अलिबागेस आंग्र्यांची सत्ता १८४० पर्यंत टिकली. उत्तरेस मुंबईला इंग्रज. म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीदच्या वाळूवरून जे एक क्षितिज दिसे, त्यावर किमान चार सत्ता हक्क सांगत होत्या, आणि त्यांपैकी एकीचीही रेघ पाण्यावर दिसत नव्हती.

जमिनीवरची सीमा आणि पाण्यावरची सीमा यांत केवळ माध्यमाचा फरक नाही. मराठीने तो शब्दांत जपून ठेवला आहे. 'शीव' हा शब्द संस्कृत 'सीमा' पासून आलेला, गावाच्या भाषेतला. शीव पायांना कळते. तिच्यावर दगड असतो, झाड असते, शेंदूर लावलेला देव असतो. दोन गावांचे भांडण शिवेवर होते आणि तडजोडही तेथेच. शिवेला दोन्ही बाजूंचे साक्षीदार लागतात, म्हणून ती एका अर्थी सामाईक मालमत्ता असते. मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या शीव या ठिकाणाचे नाव इंग्रजांचे मुंबई बेट आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्यामधील हद्दीवरून आले. दोन परकीय सत्तांच्या मधल्या रेषेलाही लोकांनी गावाचाच शब्द लावला, ही गोष्ट बोलकी आहे. 'हद्द' आणि 'सरहद्द' हे शब्द अरबी-फारसीतून, दरबाराच्या दप्तरातून आले. सरहद्द कागदाला कळते. ती कोठे आहे हे सांगण्याचा अधिकार गावकऱ्याला नसतो. तो फर्मानाला, तहनाम्याला, नकाशाला असतो.

'सीमोल्लंघन' हा तिसरा शब्द, आणि समीक्षेने नेमका तोच उचलला. दसऱ्याच्या दिवशी राजाने लवाजम्यासह शीव ओलांडायची, आपट्याची पाने सोने म्हणून लुटायची, आणि मोहिमेचा मोसम उघडायचा, असा तो विधी आहे. ज्याची हद्द आहे त्यानेच ती ओलांडायची, आणि ओलांडल्याने ती अधिक त्याची व्हायची. विधीतील हे उल्लंघन सत्तेचे आहे. खाडीवर तरीत बसून पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या कोळणीच्या जाण्याला मराठीत सीमोल्लंघन म्हणण्याची पद्धत नाही. तिच्या जाण्याला मराठीत 'उतार' म्हणतात, आणि त्याचे पैसे पडतात. रूपक निवडताना समीक्षेने राजाची बाजू घेतली, आणि ती आपण घेतली आहे हे तिच्या ध्यानी आले नाही.

पाण्यावर शीव घालता येत नाही. तेथे दगड पुरता येत नाही, देव बसवता येत नाही. म्हणून पाण्यावरची हद्द आरंभापासूनच लिखित असते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर 'कार्ताझ' नावाच्या परवान्याची पद्धत आणली. जहाजाचे व तांडेलाचे नाव, जहाजाचा आकार, खलाशांची संख्या, बरोबरची शस्त्रे, प्रवासाचे ठिकाण, न न्यावयाचा माल, आणि पोर्तुगीज बंदरात जकात भरण्याची अट, असा त्या कागदाचा मजकूर असे. कागद नसलेले जहाज धरले जाई. कथनशास्त्राच्या परिभाषेत पाहिले तर हा मजकूर म्हणजे एक आटोपशीर कथानकच आहे: नायक, त्याचा परिवार, त्याची साधने, निषेध, प्रवास आणि शेवट. फरक इतकाच की हे कथानक प्रवासाच्या आधी लिहिले जाते आणि प्रवास त्याबरहुकूम व्हावा लागतो. कागदात जे लिहिले आहे त्याहून वेगळे काही समुद्रावर घडले, तर चूक समुद्राची ठरते.

या कागदाने जे सांगितले होते, ते त्या वेळच्या वस्तुस्थितीनुसार कल्पितच होते. पोर्तुगालचा राजा हा भारतीय समुद्राचा स्वामी आहे, या विधानाला लिस्बनमधील काही माणसे आणि किनाऱ्यावरचे मूठभर कोट यांपलीकडे आधार नव्हता. तरीही ते चालले. कारण त्याचा वाचक निवडलेला होता आणि त्या वाचकाला पुस्तक मिटून ठेवण्याची मुभा नव्हती. वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तात वाचक हा अर्थाचा सहनिर्माता मानला जातो. येथेही तो सहनिर्माता आहे; तांडेलाने कागद घेतला की समुद्र पोर्तुगीजांचा झाला, नाही घेतला तर तो प्रश्न तोफेने सोडवायचा राहिला. मात्र या सहनिर्मितीची किंमत त्याने मोजलेली असते. वाचनाच्या कोणत्याही सिद्धान्तात हा हिशेब सहसा मांडलेला नसतो.

कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांनी हीच पद्धत उलटवली. त्यांनी स्वतःचे दस्तक देण्यास सुरुवात केली आणि त्याविना फिरणारी जहाजे धरली. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला; परंतु 'चाचा' हा शब्द इंग्रजी इतिहासलेखनात दीर्घकाळ टिकला. कार्ताझ आणि दस्तक यांच्या मजकुरात तात्त्विक फरक काय, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. एका कागदाला कायदा म्हटले गेले आणि दुसऱ्याला लूट. हा निर्णय कागदाच्या रचनेतून निघत नाही, तो नंतर ग्रंथ कोणी लिहिले यावरून ठरतो. मराठी इतिहासलेखनाने कान्होजींना आरमारप्रमुख म्हणून योग्य ते स्थान परत मिळवून दिले, यात शंका नाही. पण परवान्याची पद्धत मात्र त्याने प्रश्नांकित केली नाही. आपला दस्तक म्हणजे सार्वभौमत्व आणि त्यांचा कार्ताझ म्हणजे जुलूम, एवढ्यावर समाधान मानले. दोन्ही कागद ज्याला एकाच फेरीत विकत घ्यावे लागत, त्या किनाऱ्यावरच्या गलबतवाल्याची बाजू कोणत्याच इतिहासात लिहिली गेली नाही.

अँडरसन यांच्या सिद्धान्ताची मर्यादाही येथे दिसते. राष्ट्राची कल्पना कादंबरी आणि वृत्तपत्र यांतून, एकमेकांस कधी न भेटलेल्या वाचकांच्या समकालीनतेच्या जाणिवेतून घडते, असे ते मांडतात. १९९१ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय यांवरचे प्रकरण जोडले आणि राज्याच्या लेखनाला काही जागा दिली. परंतु जो मजकूर माणूस घरी बसून स्वखुशीने वाचतो आणि जो मजकूर नाक्यावर उभा राहून दाखवावा लागतो, त्यांतील भेद तेथेही पुरेसा उलगडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला सत्तेची पहिली ओळख दुसऱ्या प्रकारच्या मजकुरातून झाली. छापील कादंबरी येण्याच्या तीन शतके आधी त्याच्या हाती एक कल्पित राज्य कागदाच्या रूपाने पडले होते.

मराठी गद्यात या विषयावरची सर्वांत महत्त्वाची संहिता म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील 'आज्ञापत्र'. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. दुर्ग आणि आरमार यांवरची त्याची प्रकरणे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहेत. त्याच्या भाषिक रूपाकडे मात्र दुर्लक्ष झाले. आज्ञापत्राचे मुख्य क्रियारूप विध्यर्थ आहे. करावे, ठेवावे, जाऊ न द्यावे, सलूख राखावा, अशा रूपांनी मजकूर पुढे सरकतो. सभासदाची बखर भूतकाळात बोलते. तिचे राज्य होऊन गेलेले आहे. परवाना वर्तमानात बोलतो. आज्ञापत्रातील राज्य या दोहोंहून निराळे, व्हावयाचे आहे. शिवछत्रपतींच्या राज्याची दोन शकले झालेली, कोल्हापूर आणि सातारा यांच्यातील कलह चालू, अशा काळात लिहिला गेलेला हा ग्रंथ जे राज्य वर्णितो ते त्या क्षणी पूर्णांशाने कोठेच अस्तित्वात नव्हते. विध्यर्थाच्या व्याकरणातच त्याचा तट आहे. कल्पित राष्ट्राचे मराठीतील पहिले ठळक उदाहरण शोधायचे तर ते कादंबरीत न शोधता येथे शोधावे लागेल.

या राज्याची हद्द ग्रंथकर्त्याने कोठे आखली, हेही पाहण्याजोगे आहे. टोपीकरांविषयीचा त्याचा उपदेश सुप्रसिद्ध आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांच्या देशचे राजे आहेत. त्यांना व्यापाराला येऊ द्यावे, पण समुद्रकाठी व खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, द्यायचीच तर किनाऱ्यापासून आत मोठ्या गावाजवळ, दबलेल्या ठिकाणी, आणि इमारतीचे काम करू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे माल येऊ द्यावा, माणूस येऊ द्यावा, फक्त किनारा देऊ नये. सरहद्दीचा हा विचार अतिशय आधुनिक आहे. त्यात परक्याला हाकलणे नाही. त्याला आतच, पण नजरेखाली ठेवणे आहे. पुढील प्रकरणात आरमाराने व्यापाऱ्यांस त्रास देऊ नये, कौल घेतलेल्यांस अडवू नये, कौलाविना आलेल्या परमुलखी गलबतांनाही दिलासा देऊन बंदरी आणावे, असे बजावले आहे. जहाजासाठी लागणारे आंबा-फणसाचे लाकूडसुद्धा रयतेच्या संमतीशिवाय तोडू नये, हा त्यातील भाग वारंवार उद्धृत होतो आणि तो योग्यच आहे. पण तो भाग एकटा उचलला की ग्रंथ कनवाळू वाटू लागतो. त्याच प्रकरणाचा बाकीचा आशय हा किनाऱ्यावरून काय आत यावे आणि कोणत्या अटीवर, याची काटेकोर नियमावली आहे. रयतेची झाडे राखणे हा तिचाच एक भाग आहे.

आणि गंमत अशी की ही नियमावली ज्या शब्दाभोवती फिरते तो 'आरमार' हा शब्दच पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेला आहे. 'गुराब' अरबी आहे, 'दर्या' फारसी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी रचलेल्या 'राजव्यवहारकोशा'ने सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देऊन भाषेच्या वेशीवर चौकी बसवली होती. किनाऱ्यावर ती चौकी चालली नाही. कोशकाराच्या नाक्यावर शब्द अडवले जात असताना ते गलबतावर बसून खाडीतून आत आले. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीचाही अनुभव फारसा वेगळा नाही, आणि देशीवादाच्या काही उत्साही अनुयायांनी कोणता वाङ्मयप्रकार इथला आणि कोणता कलमी हे ठरवण्यासाठी जी जकात लावली, तिचेही उत्पन्न बेताचेच राहिले. असो.

किनाऱ्यावरील सीमेचा सर्वांत अवघड प्रश्न पोर्तुगीज वा इंग्रज हा नाही. तो सिद्दींचा आहे. सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीस लिहिलेल्या बखरीत राज्याला सिद्दी कसा, हे सांगण्यासाठी घरातल्या उंदराची उपमा योजली आहे. ही उपमा तुच्छतेची म्हणून सोडून दिली जाते. तिच्या रचनेकडे पाहिले तर ती वेगळे काही सांगते. वाघ, लांडगा, टोळधाड या उपमा बाहेरून येणाऱ्या शत्रूच्या. उंदीर बाहेरून येत नाही. त्याचे बीळ घरातच असते, बहुधा घर बांधण्याच्या आधीपासून त्या जागेत असते. उपमेने शत्रूला हिणवताना नकळत त्याचा जुना रहिवास मान्य केला आहे. आणि इतिहास तसाच आहे. आफ्रिकेतून दख्खनेत आलेले हबशी निजामशाहीच्या काळापासून या भूमीवर होते. त्याच निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर (मृत्यू १६२६) हाही हबशीच. मराठा राज्याचा उदय झाला तेव्हा जंजिरा तेथे होताच. नंतर सिद्दींनी मोगलांचे आरमार म्हणून चाकरी पत्करली, त्यांची जहाजे मुंबईच्या बंदरात पावसाळा काढू लागली, आणि १६८९-९० मध्ये त्यांनी मुंबईचा बहुतेक भाग व्यापून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. जो कोणत्याच रेषेच्या एका बाजूला नीट बसत नाही, त्याला बखरीने घरातला उंदीर म्हटले.

१७३६ साली चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याचा पराभव केला. त्यात तो मारला गेला. १७३० च्या दशकातील या युद्धाचा शेवट ज्या तडजोडीत झाला, तिने काही महालांचा वसूल पेशवे आणि सिद्दी यांनी वाटून घ्यावयाचा होता. अशा व्यवस्थेला मराठीत 'दुअंमल' म्हणतात. राष्ट्रराज्याच्या नकाशात दुअंमल दाखवता येत नाही. तेथे प्रत्येक ठिपका कोणत्या तरी एकाच रंगाचा असावा लागतो. दुअंमलात रेषा गावाच्या भोवतीने जात नाही, ती खळ्यावरच्या धान्याच्या राशीतून जाते. शेतकरी जागचा हलत नाही आणि वर्षातून एकदा त्याचे भात सरहद्द ओलांडते. सीमेच्या सिद्धान्तात या प्रकारच्या सीमेला नाव नाही, आणि मराठीत ते तयार आहे.

ऐतिहासिक कादंबरीने हा गुंता सोडवला तो एक बाजू पुसून. रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. शिवकाळात घडणाऱ्या या कथेचा गड कल्पित आहे. खऱ्या राज्यात खोटा गड बसवण्याचे हे धाडस आज वाटते त्याहून मोठे होते, कारण त्यात कल्पिताने इतिहासाच्या हद्दीत परवाना न घेता केलेला प्रवेश आहे. नंतरच्या कादंबरीने ही मोकळीक सोडली. तिने गड खरे घेतले, तिथ्या खऱ्या घेतल्या, आणि कल्पना सगळी परक्याच्या चित्रणात खर्च केली. सिद्दी हा तिच्यात क्रूर, काळा, समुद्रातून येणारा. त्याचा मुलूख, त्याची रयत, त्याच्या कचेरीतून मराठीत चालणारा कारभार यांपैकी काहीही पानावर येत नाही. दरम्यान १९४८ नंतर जंजिऱ्याची सारी रयत एकाच राष्ट्राची नागरिक झाली होती. कादंबरीतली सरहद्द मात्र प्रत्यक्षातली सरहद्द उठल्यावर अधिक पक्की होत गेली. अजिंक्य म्हणून जंजिऱ्याचे कौतुक करणारा आजचा पर्यटक आणि तो न जिंकला गेल्याची खंत करणारा कादंबरीचा वाचक ही बहुधा एकच व्यक्ती असते, आणि तिला यात विसंगती वाटत नाही.

मराठीत सीमेची खरी कादंबरी शोधायची तर ती इतिहासात नाही, बोटीवर आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू निर्वासित, त्यांत हेर्टा. आणि मायदेशी परतणारा चक्रधर. त्यांचे प्रेम बोटीच्या प्रवासाइतकेच टिकते, कारण मुंबईच्या धक्क्यावर एकाला उतरता येते आणि दुसरीला येत नाही. समीक्षेने या कादंबरीची चर्चा प्रेमाची शोकांतिका, युद्धपूर्व जगाचे चित्र, निवेदनतंत्र या अंगांनी केली आहे. ज्यावर सारे अडते ती गोष्ट अगदी साधी, कागदाची आहे. हेर्टाला देश राहिलेला नाही. म्हणजे तिच्या बाजूने बोलणारा कागद कोणत्याही सत्तेने दिलेला नाही. चक्रधराचा देश तर त्या वेळी स्वतंत्रही नव्हता. तरीही गुलाम देशाचा प्रजाजन धक्क्यावर उतरतो. राष्ट्र असणे आणि राष्ट्र स्वतंत्र असणे या दोन गोष्टींतले अंतर मराठी कादंबरीत इतक्या निष्ठुरपणे क्वचितच मोजले गेले आहे. चक्रधराचे नैतिक अपयश त्याच्या भेकडपणात शोधले जाते. ते त्याच्या सोयीतही आहे. त्याला नाका जाणवतच नाही, कारण त्याच्यासाठी तो उघडा आहे. त्याच्या निवेदनातील उपरोध आणि बेफिकिरी यांचे मूळ येथे आहे, आणि हेर्टाने समुद्रात मृत्यू पत्करल्यावर तेच निवेदन असह्य होते.

या दृष्टीने किनाऱ्याकडे परतले की अलीकडचा काळ वेगळा दिसू लागतो. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली; १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले. दिघी राजपुरीच्या खाडीवर, जंजिऱ्याच्या समोरच्या अंगाला आहे. पुढे कस्टम्स आणि पोलीस खात्यांतील काही जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. नाका होता, नाकेदारही होता. त्याने वाचायचे नाकारले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' या पोरबंदरच्या मासेमारी नौकेतून किनाऱ्याजवळ आले. येथे वाचन झाले असते तरी चुकले असते, कारण नौका खरोखरच भारतीय होती. तिच्यावरच्या माणसांनी दुसऱ्याची संहिता पांघरली होती.

या दोन प्रसंगांनंतर किनाऱ्यावर जे आले ते सोळाव्या शतकातील मजकुराशी विलक्षण जुळते. नौकांची नोंदणी, राज्याराज्यांना नेमून दिलेले नौकांचे रंग, सागरी मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रे. नौकेचे नाव, तांडेलाचे नाव, खलाशी किती, कोठे निघाले. यातील कोणतीही गोष्ट अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. किनाऱ्याने जे भोगले ते पाहता पहारा हवा, हे मच्छीमारही म्हणतील. परंतु समीक्षेने हा मजकूर वाचायचा तर त्याचे दोन वाचक वेगळे करावे लागतील. काशीदच्या वाळूवर शनिवार-रविवारी मुंबईहून, पुण्याहून येणाऱ्या पर्यटकाला समुद्र म्हणजे मोकळेपणा. त्याच समुद्रात रात्री होडी घालणाऱ्या माणसाला तो कागदपत्रांचा प्रदेश आहे. 'सीमा ही अर्थनिर्मितीची जागा आहे' हे विधान पहिल्याच्या बाबतीत खरे ठरते. दुसऱ्याच्या बाबतीत अर्थ आधीच निर्माण होऊन त्याच्या कार्डावर छापलेला असतो. भाभा यांच्या सिद्धान्ताचे खंडन येथे अभिप्रेत नाही. संकर घडतो, नवे अर्थ जन्मतात, हे कोकण किनाऱ्याइतके क्वचितच कोठे सिद्ध होत असेल. प्रश्न आहे तो त्या संकराचा खर्च कोणाच्या खाती पडतो हा, आणि तो खर्च न मांडता केलेले सीमेचे गुणगान राजाच्या दसऱ्यासारखेच होते.

कोर्लईचे उदाहरण येथे घेणे भाग आहे, आणि ते मराठी वाङ्मयेतिहासाला अडचणीचे आहे. काशीदच्या उत्तरेस, आज त्याच मुरुड तालुक्यात असलेल्या या गावात ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संसर्गातून जन्मलेली भाषा अद्याप बोलली जाते. बोलणारे सुमारे हजाराच्या घरात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाषावैज्ञानिकांना ती ठाऊक आहे. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांची सत्ता येथून १७४० साली गेली. तिच्यामागे किल्ल्याचे दगड राहिले आणि ही भाषा राहिली. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ तिच्या पाठीशी कोणतेही राज्य नाही, शाळा नाही, लिपी नाही. तिच्या शब्दांवर मराठीने आपले व्याकरण चढवले आहे, आणि ते मराठीने मुद्दाम केलेले नाही. मराठी वाङ्मयाचे इतिहास आरंभकाळासाठी शिलालेखांपर्यंत मागे जातात, गोव्यातल्या फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'ला (१६१६) मानाने आत घेतात, तंजावरच्या मराठी नाटकांची दखल घेतात. ज्या बोलीत मराठीचे व्याकरण परक्या शब्दांच्या पोटात जिवंत आहे, तिच्यातल्या गाण्यांना आणि गोष्टींना मात्र या इतिहासांत एक परिच्छेदही मिळालेला नाही. ती मराठी नाही, हे कारण पुरेसे मानले गेले; आणि ती पोर्तुगीजही नाही, म्हणून लिस्बनच्या वाङ्मयेतिहासातही तिला जागा मिळण्याचे कारण नव्हते. दोन्ही नाक्यांवर कागद अपुरा ठरला. तिची गाणी, गोष्टी, प्रार्थना यांचे संकलन भाषावैज्ञानिक नमुन्यांच्या रूपाने झाले आहे. वाङ्मय म्हणून त्यांचे वाचन मराठीत व्हावयाचे आहे, आणि ते करू शकणारे बोलणारे आज कोर्लईत आहेत.